बाहेरच्या खडकापर्यंत

मिस्त्रीची बोट पाण्यापेक्षा जमिनीवरच जास्त असते, हे धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावरून त्याची यथेच्छ चेष्टाही चाले. पण चेष्टा करणाऱ्यांच्याच बोटीनं आचके दिले की त्यांना पहिला मिस्त्री आठवायचा. तो हातातलं काम ठेवून जायचा, न बोलता इंजिनात डोकं घालायचा आणि ते सुरू झालं की फडक्याला हात पुसत परत यायचा.

मूळचा तो लिफ्टवाला. शहरातल्या कितीतरी इमारतींच्या लिफ्टा त्यानं वर्षानुवर्षं सांभाळल्या. त्या कामात त्याचा एकच कायदा होता : शंका आली की बंद. दोराचा एक धागा तुटलेला दिसला, दार बंद होताना जरा कुरकुरलं, की हा बटण खाली पाडून दारावर पाटी अडकवायचा. वरच्या मजल्यावरचे आजोबा ओरडायचे, भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या बायका नाकं मुरडायच्या. मिस्त्री जिन्याच्या पायरीवर बसून निवांत डबा उघडायचा. "लिफ्ट बंद होती म्हणून आजवर कुणी मेलं नाही," तो म्हणायचा. "जिने आहेत की."

त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ अगदी उलट्या वळणाचा. बाजाराच्या तोंडाशी त्याचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, कोपऱ्यात सदा चालू असलेला रेडिओ आणि त्या रेडिओला मागे टाकणारं मालकाचं तोंड. गिऱ्हाइकं त्याला वस्ताद म्हणत. हात इतका हलका की दाढी करून घेताना माणसाला डुलकी लागावी. मेव्हणा आणि मिस्त्री यांचं जमलं कसं, याचं घरात सगळ्यांना नवल वाटे. एक दिवसभर बोलायचा आणि दुसरा दिवसभर ऐकायचा, यात काय ते आलं.

बोट घ्यायची टूम वस्तादचीच. एका गॅरेजच्या मागे गवतात उपडी पडलेली फायबरची छोटी होडी त्यानं हेरली आणि मिस्त्रीला ओढत तिथं नेलं. मिस्त्रीनं तिच्या पाठीवर बोटांनी टकटक करत पूर्ण फेरी मारली, दोन ठिकाणी कान लावून आवाज ऐकला, आणि म्हणाला, "पोकळ वाजतंय इथं. पण होईल." दोघांनी मिळून ती घेतली. मागे लावायचं इंजिनही जुनंच मिळालं. नाव ठेवायचा हक्क वस्तादनं आधीच मागून घेतला होता. त्यानं एका रंगाऱ्याकडून दोन्ही बाजूंना निळ्या अक्षरांत लिहून घेतलं : फुरसत.

"फुरसत कसली?" मिस्त्री म्हणाला. "आता तर कामाला सुरुवात झाली."

आणि ते खरंच होतं. समुद्राचं खारं पाणी कशालाच सोडत नाही. सुट्टीच्या दिवशी दोघं धक्क्याच्या आतल्या शांत पाण्यात जाऊन गळ टाकून बसत, हाताएवढे मासे घेऊन परत येत, आणि मग वस्ताद मासे घेऊन घरी पळे तर मिस्त्रीचा खरा दिवस तिथून पुढे सुरू होई. इंजिनाला पाइप लावून गोडं पाणी फिरवायचं. वायरींच्या टोकांवर हिरवट बुरशी धरली का बघायचं, धरली असेल तर खरवडून ग्रीस लावायचं. बोटीच्या मागच्या अंगाला जस्ताचा एक ठोकळा बसवलेला असतो. खारं पाणी आधी त्याला खातं, म्हणून इंजिन वाचतं. तो निम्मा झिजला की मिस्त्री बदलून टाकी. दर हंगामाच्या आधी बोट गाड्यावर घेऊन अंगणात आणायची, तळाला चिकटलेली धारदार शिंपलं खरवडायची, घासायची, पुन्हा रंगवायची. घरात त्याच्या हाताला कायम रंगाचा आणि रॉकेलचा वास. बायको म्हणे, "सवत आणली असती तरी परवडलं असतं. ती निदान अंगणातली जागा अडवून बसली नसती."

वस्तादचा जीव मात्र धक्क्याच्या आतल्या पाण्यात रमत नव्हता. त्याच्या दुकानात मोठ्या मासेमारी बोटींवरचे खलाशी केस कापायला येत, आणि त्यांच्याकडून त्यानं बाहेरच्या खडकाचं वर्णन ऐकलं होतं. किनारा पुसट होत होत दिसेनासा झाला की आणखी पुढे, पाण्याखाली डोंगराएवढा खडक आहे. त्याच्या एका बाजूला समुद्र एकदम खोल होतो, आणि त्या कडेवर मोठे मासे येतात. हे सांगताना वस्ताद कात्री हवेतच चालवायचा आणि खुर्चीतला माणूस मान आकसून घ्यायचा.

"भाऊजी, एकदा जाऊया. एकदाच. तिथला एक मासा लागला ना गळाला, की मी परत काही मागणार नाही."

"जाऊ की," मिस्त्री म्हणे. "पण ही टाकी बदलू आधी. आतून गंजलीय."

टाकी बदलली. पुढच्या वर्षी पेट्रोलच्या नळ्या कडक झाल्या होत्या. त्याच्या पुढच्या वर्षी वायरलेस घ्यायचा होता, कारण किनाऱ्यापासून लांब मोबाइल चालत नाही. मग तळातलं पाणी उपसणारा पंप आपोआप सुरू व्हायला हवा, म्हणून त्याला तरंगतं बटण बसवलं. मग मुख्य इंजिन बंद पडलं तर परत येण्यापुरतं एक छोटं इंजिन हवं असं मिस्त्रीच्या मनानं घेतलं, आणि तसं इंजिन शोधण्यात एक अख्खा हंगाम निघून गेला.

"भाऊजी, मुलीला स्थळं बघताना माणूस एवढ्या खोड्या काढत नाही हो!"

"मुलगी सासरहून परत येऊ शकते," मिस्त्री म्हणाला. "तिथं बोट बंद पडली तर काय जिना उतरून येणार आहेस?"

दोघं हसले. त्या काळात असं सगळंच हसण्यावारी जायचं.

मिस्त्री निवृत्त झाला त्या वर्षी वस्तादनं हट्टच धरला. एके दिवशी संध्याकाळी दुकान लवकर बंद करून तो घरी आला आणि नेहमीची टिंगल न करता सरळ म्हणाला, "यंदा जाऊ, भाऊजी. पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही." मिस्त्रीला ते नेहमीचंच वाटलं. बायको मात्र भावाकडे बघत राहिली आणि उठून आत गेली. ते मिस्त्रीच्या नजरेतून सुटलं नाही, पण त्याचा अर्थ विचारावा असं काही त्याला वाटलं नाही.

तयारीला मिस्त्रीनं स्वतःला झोकून दिलं. लाइफ जॅकेटांच्या शिवणी ओढून पाहिल्या. नांगराचा दोर अंगणभर पसरला आणि वीत-वीत हातातून सरकवत तपासला. पेट्रोल गाळून त्यात पाणी उतरलंय का बघितलं. बॅटरी, दिवे, होकायंत्र, संकटात आकाशात सोडायचे लाल बाण, सगळं जागच्या जागी लावलं. इंजिनात पाणी खेचणारं रबराचं छोटं चक्र असतं, तेही नवं घातलं. वस्ताद दोन नवे गळ आणि जाड रीळ घेऊन आला. हवामान चांगलं, समुद्र शांत, असा एक रविवार ठरला. रविवार म्हणजे न्हाव्याच्या धंद्याचा दिवस, पण वस्तादनं दुकानाला कुलूप लावलं, आणि का लावलं ते सगळ्या बाजाराला सांगूनही टाकलं.

सकाळी बोट उतारावरून पाण्यात सरकली. मिस्त्रीनं इंजिन सुरू केलं आणि सवयीनं बाजूला वाकून बघितलं. अशा इंजिनाच्या अंगातून पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडते. ती जोरात पडली की समजायचं, आत थंड पाणी नीट फिरतंय. त्या दिवशी धार पडत होती, पण बारीक होती.

"खडा अडकला असेल," वस्ताद म्हणाला. "तार घाला."

मिस्त्रीनं तार घातली. धार सुधारली. शेजारच्या बोटीवरचा माणूसही येऊन बघून म्हणाला, "चांगली आहे की." इंजिन चालू ठेवून मिस्त्री तसाच वाकून बसला. धार मध्येच जाड व्हायची, मध्येच पातळ. निदान त्याला तरी तसं दिसत होतं. वस्ताद पुढच्या फळीवर बसला होता, मांडीवर खाण्याचा डबा, डोक्यावर नवी टोपी. तो उजवा हात डाव्या हातानं धरून बसला होता.

मिस्त्रीनं चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

"आज नको," तो म्हणाला. "मला बरोबर वाटत नाही. उघडून बघतो, पुढच्या रविवारी जाऊ."

वस्ताद काही क्षण बोललाच नाही, आणि वस्ताद बोलत नाही ही गोष्टच इतकी नवलाची होती की मिस्त्रीनं मान वर केली.

"भाऊजी, तुम्हाला समुद्र नकोच आहे," वस्ताद म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तुम्हाला फक्त बोट हवीय. घासायला, पुसायला. मी उगाच इतकी वर्षं तुमच्या मागे लागलो."

त्यानं डबा उचलला, गळ तसेच बोटीत ठेवले, आणि उतारावरून निघून गेला. चालताना तो जरा अडखळत होता. रागानं अडखळतोय असं मिस्त्रीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं इंजिन खोललं. रबराचं चक्र नवं कोरं होतं, सगळं जिथल्या तिथं होतं. धार बाहेर पडते त्या नळीच्या वळणात ज्वारीच्या दाण्याएवढा वाळूचा खडा होता. तो बाहेर काढला तसं पाणी भसकन आलं. त्यानं तो खडा बोटावर घेऊन स्वयंपाकघरात आणला आणि बायकोला दाखवला.

"काही नव्हतं. हे होतं."

"मग फोन करा ना त्याला."

"करतो. राग उतरू दे त्याचा."

पण आठवडा गेला आणि फोन करणं त्याला जड होऊन बसलं. वस्ताद म्हणाला ते मिस्त्रीच्या जिव्हारी लागलं होतं. लोकांच्या शिव्या त्यानं आयुष्यभर ऐकल्या होत्या आणि सहज झटकून टाकल्या होत्या, पण हे शिवीसारखं नव्हतं. अंगणात बोटीभोवती फिरताना तेच शब्द त्याच्या पायात घोटाळायचे. वस्तादनं आधी यावं, असं मिस्त्रीला वाटे. त्याच्या घरचं गणित सोपं होतं : धाकट्यानं आधी यायचं.

वस्ताद आला नाही. त्याऐवजी तो परक्या माणसांबरोबर, जागा भाड्यानं देणाऱ्या एका मोठ्या बोटीतून, बाहेरच्या खडकावर जाऊन आला. मिस्त्रीची बायको त्या संध्याकाळी भावाकडे गेली होती. परत आली ती हातात कागदात गुंडाळलेला माशाचा मोठा तुकडा घेऊन. तिचा चेहरा उजळलेला होता.

"लागला हो त्याला! एकच लागला, पण केवढा! मधला तुकडा तुमच्यासाठी काढून ठेवला होता त्यानं. कुणाला हात लावू दिला नाही."

"मला नको," मिस्त्री म्हणाला. "पोट ठीक नाही माझं."

तिनं मासा तळला, स्वतःचं ताट घेतलं आणि त्याच्यासमोर बसून सावकाश, एक काटाही न चुकवता, खाल्ला. तो वरणभात चिवडत राहिला. घरभर त्या माशाचा वास भरला होता. जेवण झाल्यावर तिनं उरलेला तुकडा झाकून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी शेजारी देऊन टाकला. पुढे मिस्त्रीच्या मनात त्या वर्षातलं काय काय परत येत राही, पण सगळ्यात जास्त सलायचं ते हेच. बोट न नेणं एक वेळ समजून घेता येईल, शंका होती. पण त्या ताटाला नाही म्हणायला कसलीच शंका नव्हती.

हंगाम संपला, दुसरा आला. वस्ताद सणासमारंभाला भेटे, "काय भाऊजी" म्हणे, आणि दुसऱ्याशी बोलायला लागे. मिस्त्री दाढी घरीच करू लागला होता. एके दिवशी बाजारातून जाताना त्याला दुकानात वस्तादच्या जागी कुणी दुसराच माणूस कात्री चालवताना दिसला. रेडिओ बंद होता.

घरी येऊन त्यानं बायकोला विचारलं, "वस्ताद कुठे गेलाय? दुकानात नाही दिसला."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं हातातली घडी पूर्ण केली. "दुकान चालवायला दिलंय त्यानं. कंपवात आहे त्याला. हात थरथरतो. परवा गिऱ्हाइकाच्या कानाला लागलं, तेव्हापासून वस्तरा हातात घेतला नाही."

"कधीपासून आहे हे?"

"त्या रविवारच्या आधीपासून. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं."

मिस्त्री खुर्चीवर बसला. "मला का नाही सांगितलंस?"

"त्यानं शपथ घातली होती. तुम्ही कीव करून नेलेलं त्याला नको होतं. गळ हातात धरता येतोय तोवर, नेहमीसारखं भांडत, हसत जायचं होतं त्याला. तुमच्याबरोबर." मग घड्यांकडेच बघत ती म्हणाली, "आणि नंतर मी सांगितलं असतं. पण तुम्ही विचारलंत कधी, माझा भाऊ कसा आहे म्हणून?"

मिस्त्री उठला, चपला घातल्या आणि तसाच निघाला.

वस्ताद खिडकीशी बसला होता. मांडीवर उजवा हात आपला आपण हलत होता, जणू अजून कुणाचे केस कापतोय. मिस्त्रीनं वाटेत काय काय बोलायचं ठरवलं होतं. शेवटी तो म्हणाला, "खडाच होता रे. वाळूचा. तू म्हणालास तोच."

"ते ताईनं सांगितलं मला दुसऱ्याच दिवशी," वस्ताद म्हणाला. "मी म्हटलं, येतील आता भाऊजी. बसा. एवढे जिने चढून आलात."

"मासा खाल्ला नाही मी तुझा."

"तेही सांगितलं तिनं. बहीण आहे की बातमीदार!" तो हसला. त्याचं हसणंही आता जरा जपून येत होतं. "चांगला होता हो. तुम्ही मूर्खपणा केलात."

"केला," मिस्त्री म्हणाला. "चल, जाऊ या. या हंगामात. आपल्या बोटीतून."

वस्तादनं हलणाऱ्या हाताकडे पाहिलं. "हे घेऊन?"

"मी करतो सोय."

आणि मिस्त्री पुन्हा अंगणात बोटीपाशी गेला. बसायला पाठ असलेली खुर्ची हवी, तिला पट्टा हवा. चढताना धरायला दांडा हवा, बसल्यावर धरायला दुसरा. दांडे गंजणार नाहीत अशा स्टीलचेच हवेत, आणि ते बनवणारा लोहार आजारी. फळीला अजून एक ठिगळ मारलेलं बरं. चांगल्या हवेचे दिवस एकेक करून चालले होते आणि मिस्त्री बोटीखाली पाठीवर पडून पाने फिरवत होता. एका दुपारी बायको चहा घेऊन आली आणि पेला त्याच्या हाती न देता गाड्याच्या चाकावर ठेवून म्हणाली,

"तो आता जिना एकट्यानं उतरत नाही. काय ते उद्या करा. हंगाम संपताना नको."

मिस्त्री बोटीखालून बाहेर आला. दुसरा दांडा अजून बसवायचा राहिला होता. तिथं त्यानं जाड दोराचा फास बांधला, ओढून बघितला, आणि फोन करायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी तिघं निघाले. भावाला धरायला कुणीतरी हवं म्हणून ती बरोबर आली. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्या बोटीत बसत होती. वस्तादला उतारावर दोघातिघांनी उचलून चढवलं. तो खुर्चीत बसला, पट्टा बांधला, आणि धक्क्यावरच्या लोकांना राजासारखा हात करू लागला. "फुरसत मिळाली हो शेवटी!" तो ओरडला, आणि सगळा धक्का हसला.

धक्क्याची भिंत ओलांडेपर्यंत सगळं छान होतं. बाहेर पडताच लाटेचं अंग बदललं. मोठी नव्हती ती, पण लांब होती, बोटीला हळूच उचलायची आणि तितकीच हळूच कलती करून सोडून द्यायची. धडधाकट माणूस अशा वेळी नकळत अंग सावरतो. वस्तादचं अंग सावरेना. बोट एका बाजूला झुकली की तो लाकडासारखा तसाच झुकायचा आणि परत यायचाच नाही. बहीण त्याला दोन्ही हातांनी धरून होती. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं, ओठ मिटले होते, दोराच्या फासावर मूठ आवळलेली होती. तरी तो पुढेच बघत होता.

मिस्त्रीनं वेग कमी केला. जुन्या सवयीनं त्याचा हात चावीपाशी येऊन थांबला. या खेपेला त्यानं स्वतः ठरवलं नाही. वाकून वस्तादच्या कानाशी तोंड नेऊन त्यानं विचारलं, "काय करू? तू सांग."

बोट उचलली गेली, उतरली. मग वस्ताद म्हणाला, "वळवा, भाऊजी."

परतताना त्यानं खुर्ची उलटी फिरवून घेतली, म्हणजे जमीन पाठीशी राहील. धक्क्यात शिरेपर्यंत तो उघड्या समुद्राकडे बघत होता. त्या रविवारी पाणी आरशासारखं होतं, हे मिस्त्रीला आठवत होतं. वस्तादलाही आठवत असणार, पण तो बोलला नाही. बोलला असता तर मिस्त्रीला जरा हलकं वाटलं असतं.

उतरल्यावर श्वास लागलेला असतानाच वस्ताद म्हणाला, "आता तुम्ही दोघं जाऊन या. माझे गळ न्या. बघा, ताईला घेऊन जा, हिला कुठं नेलंय तुम्ही आजवर?"

मिस्त्रीनं यावर आढेवेढे घेतले नाहीत. पुढच्याच चांगल्या दिवशी नवराबायको बाहेरच्या खडकावर गेले आणि संध्याकाळी परत आले. तिच्या गळाला मासा लागला. तिला तो वर घेता येईना, तेव्हा मिस्त्रीनं जाळी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं वस्तादकडे गेले. आता त्याची दाढी मिस्त्रीच करी. आठवड्यातून दोनदा तो त्याच्या खिडकीशी साबणाचं भांडं घेऊन बसायचा आणि वस्ताद त्याला शिव्या घालत शिकवायचा : "अहो, गालावर चालवताय की पत्र्यावर? कातडी ताणा आधी!" त्या दिवशी साबणाचा फेस पुरता चढायच्या आधीच वस्तादनं विचारलं, "सांगा. कसा आहे खडक?"

मिस्त्रीनं ब्रश बाजूला धरला. "लांब आहे," तो म्हणाला. "पण बोट छान चालली. इंजिन कुठं तापलं नाही. पेट्रोल निम्म्याच्या खालीही गेलं नाही येऊन-जाऊन. धार शेवटपर्यंत जाड."

"ते राहू द्या. पाण्याचा रंग कसा होता?"

मिस्त्रीनं आठवून पाहिलं. "निळाच. नेहमीसारखा."

"कडेला एकदम बदलतो म्हणतात. आणि पक्षी? मासे वर आले की पक्षी येतात."

"असतील," मिस्त्री म्हणाला, आणि त्याला कळलं की आपल्याकडे सांगायला एवढंच आहे.

"हे काय सांगणार?" बायको पदर खोचून पुढे सरकली. "मी सांगते. किनारा गेला ना, तेव्हा मला भीती वाटली, खरंच सांगते. मग एका जागी पाणी असं झालं, इकडे हिरवं, तिकडे एकदम शाईसारखं, मधे जणू कुणी रेघ मारलीय. आणि ते पांढरे पक्षी, अरे, दगड टाकावा तसे पाण्यात पडत होते, टपाटप! मी हात पाण्यात घातला तर गार, इथल्यासारखं नाही. मासा लागला तेव्हा मला वाटलं, खडकच अडकला गळाला. मी तुझ्या नावानं ओरडले..."

ती हातवारे करत सांगत होती. तिचा आवाज मिस्त्रीनं इतका मोकळा फार वर्षांत ऐकला नव्हता. वस्ताद डोळे मिटून ऐकत होता, त्याच्या गालावर निम्मा फेस. आणि मिस्त्रीही ऐकत होता, कारण हे सगळं तो पहिल्यांदाच ऐकत होता. त्याच बोटीत, तिच्यापासून हातभर अंतरावर तो बसला होता, आणि रेघ त्याला दिसली नव्हती, पक्षी दिसले नव्हते. ती मागे बसून ओरडली होती ते त्याला आठवत होतं, पण त्यानं आधी इंजिनाकडे बघितलं होतं.

"आणि भाऊजी काय करत होते तेव्हा?" वस्तादनं डोळे न उघडता विचारलं.

"ते? बोट सांभाळत होते," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

वस्तादचा हात मांडीवर हलत होता. मिस्त्रीनं त्याच्या गालावर सुकू लागलेला फेस पुन्हा ओला केला, वस्तरा उचलला, कातडी दोन बोटांनी ताणून धरली आणि बायकोला म्हणाला, "ते रेघेचं परत सांग."

ती सांगू लागली. त्यानं वस्तरा खाली ठेवला, कारण हे ऐकताना हात चालवणं त्याला धोक्याचं वाटलं.